पिवळ्या पट्टीची डोलकाठी

१

डोलकाठीचे तीन तुकडे क्लबच्या शेडमध्ये फरशीवर मांडून ठेवले होते. खरं तर दोनच असायला हवे होते. विंडसर्फिंगची डोलकाठी दोन तुकड्यांत येते, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. एकात एक खुपसायचे, शिडाच्या लांबट खिशात सरकवायचे, फळीवर उभं करायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं. इथे खालचा अर्धा भर वाऱ्यात मोडला होता. फळीवरचा माणूस शिडाविना किनाऱ्यापासून दोन मैलांवर अडकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला तेव्हा उशीर झाला होता.

तो माणूस बारकीचा थोरला भाऊ होता.

बारकी आता सेहेचाळीस वर्षांची होती, चष्म्याला दोन नंबर होते, तरी घरी ती बारकीच होती, कारण दादाने ते नाव ठेवलं होतं आणि दादाने ठेवलेली नावं कुणाची सुटत नसत. मोडक्या वस्तू तपासणं हा तिचा धंदा होता. जळलेली गोदामं, आपटलेल्या गाड्या, फुटलेले पाइप बघायचे आणि हे आपोआप झालं की कुणी केलं, एवढं विमा कंपनीला लिहून द्यायचं. बावीस वर्षं ती हेच करत होती. दादा गेल्याला नऊ दिवस झाले होते आणि तिच्या डोळ्यांतून अजून एक थेंब आला नव्हता. ती वेळेवर जेवत होती, वेळेवर झोपत होती. आपल्याला काहीच वाटत नाही, एवढ्याच गोष्टीची तिला भीती वाटत होती.

"पोलिसांचं काम झालंय," क्लबचा रखवालदार वही पुढे करत म्हणाला. "जुनी काठी होती, वाऱ्यात मोडली, असं लिहिलंय त्यांनी. इथे सही करा आणि घेऊन जा, ताई."

"जुनी होती म्हणजे मोडणारच, असं असतं का?"

"आता ते मी काय सांगू? सगळेच म्हणतायत."

बारकी तुकड्यांपाशी उकिडवी बसली. वरच्या तुकड्याच्या तोंडाशी पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, खालच्याच्या तोंडाशीही पिवळीच. ही क्लबची पद्धत होती. सगळ्यांच्या काठ्या एकाच लाकडी घोडीवर असत, साठ-सत्तर अर्धे तुकडे, सगळे काळे, सगळे सारखे. चुकून एकाचा वरचा आणि दुसऱ्याचा खालचा जोडला जाऊ नये म्हणून प्रत्येकाने आपला रंग ठरवला होता. रंगाला रंग जुळला की झालं. त्यापलीकडे कुणी बघत नसे.

तिने सही केली, तुकडे चादरीत गुंडाळले आणि गाडीच्या टपावर बांधले. खालच्या तुकड्याचं तुटलेलं तोंड चादरीतून बाहेर येत होतं, म्हणून तिने त्याला आपला रुमाल बांधला. तुकडे बांधताना तिच्या हाताला काहीतरी खटकलं, पण काय ते तिला तेव्हा कळलं नाही.

२

वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. समोर चहा होता, त्यावर साय धरली होती.

"आणलंस?"

"आणलं. खाली गाडीवरच आहे."

"वर आणू नकोस."

"नाही आणत."

फ्रिजवर एक कागद चुंबकाने लावलेला होता. महिन्यापूर्वी दादाने त्यावर दोन रकाने पाडले होते. एकाच्या डोक्यावर 'नवी', दुसऱ्याच्या डोक्यावर 'जुनी'. नवीच्या खाली लिहिलं होतं: गॅरंटी आहे, भिडूकडे हीच आहे, किंमत ऐकून छातीत कळ येते. जुनीच्या खाली: त्याच मेकची, तेवढीच लांब, तेवढीच कडक, माझ्या शिडाला फिट्ट, एका टीचर बाईंची, कायम कव्हरमध्ये ठेवलेली, नव्यासारखी दिसते. भिडू म्हणजे दादाचा मित्र, त्याच्याबरोबर पाण्यात जाणारा. दादा चप्पल घ्यायलासुद्धा असेच रकाने पाडायचा. आणि सगळ्यात खाली वेगळ्या अक्षरात, दोन रेघा ओढून लिहिलेलं होतं: 'जुनी घ्या. विषय संपला.'

"माझं अक्षर आहे ते," वहिनी म्हणाली. हे ती नऊ दिवसांत कितव्यांदा म्हणत होती कोण जाणे. "तो पंधरा दिवस घोळ घालत बसला होता. मी वैतागून लिहिलं."

"वहिनी, काढून टाकू का तो कागद?"

"हात लावू नकोस." ती सायीकडे बघत राहिली. "भिडूभावजी रोज येतात बिचारे. डबा आणतात. म्हणतात, मी त्याला सांगत होतो वहिनी, नवी घे, पण जाऊ दे, आता बोलून काय. मला काही बोलत नाहीत ते. पण खरंच आहे ना."

 सांत्वनाची वाक्यं बारकीला येत होती, पण ती तोंडात खडूसारखी लागत होती. तिने उठून वहिनीच्या औषधांचा खोका आवरायला घेतला. झाकण बसेना, म्हणून खणातून चिकटपट्टी काढली. खणात चार रंगांच्या चार पट्ट्या होत्या आणि चारही पट्ट्यांचं टोक आत दुमडलेलं होतं, छोट्या त्रिकोणासारखं. ही दादाची खोड होती. पट्टी कुठेही लावो, रिळावर असो नाहीतर पार्सलवर, टोक तो दुमडणारच. लहानपणी बारकी नखाने टोक शोधत बसायची तेव्हा तो म्हणायचा, 'दुमडून ठेवावं, नाहीतर पुढच्या वेळी टोक सापडत नाही.'

तिचा हात पट्टीवर तसाच राहिला. सकाळी काय खटकलं होतं ते तिला आता कळलं.

"आलेच," म्हणत ती चार जिने उतरून खाली गेली आणि टपावरची चादर सोडली. वरच्या तुकड्यावरच्या पिवळ्या पट्टीला दुमडलेलं टोक होतं. खालच्या तुकड्यावरच्या पट्टीचं टोक सपाट दाबून चिकटवलेलं होतं. तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मोडलेल्या तुकड्यावरची पट्टी दादाने लावलेली नव्हती.

३

जुन्या सामानाचं दुकान म्हणजे एक लांबट गाळा होता. दारात शिडं दोरीवर वाळत घातल्यासारखी लटकत होती. शटरवर कुणीतरी खडूने एक घाणेरडा शब्द लिहिला होता, आणि दुकानदार काका ओल्या फडक्याने तो पुसत होते. साठीचा माणूस, हातावर चिकट रंगाचे डाग.

"तुम्ही त्यांची बहीण ना?" ते फडकं पिळत म्हणाले. "शिव्या द्यायला आला असाल तर द्या. मी ऐकून घेतो. नऊ दिवस हेच चाललंय."

"शिव्या नाहीत, काका. मला सांगा, तुम्ही जुनी काठी विकत घेता तेव्हा काय बघता?"

काकांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. मग तिला आत नेलं, भिंतीशी ठेवलेला एक तुकडा उचलला आणि बोलण्याऐवजी करूनच दाखवलं. आधी तुकडा उन्हात फिरवला. मग जुना रेशमी पायमोजा हातात घालून त्याच्यावरून सरसर ओढला, कुठे कुसळ निघालं असलं तर मोजा अडकतो म्हणून. मग खिशातून नाणं काढून वीतभर अंतरावर टकटक करत गेले.

"ऐका. सगळीकडे एकच आवाज आला पाहिजे, खणखणीत. जिथे आतून सुटलंय तिथे भद्द वाजतं. मग जोडाचं तोंड बघायचं. मग दोन स्टुलांवर आडवी टाकून मी स्वतः वर रेलतो. माझं वजन ऐंशी आहे. घरात कुणी बोलत नाही, पण आहे." ते थांबले. "तुमच्या दादांच्या काठीवर मी रेललो होतो, ताई. तेही रेलले होते. दोघं मिळून हसलो होतो."

"तिच्यावर काही खूण होती?"

"एकच. ती काठी एका टीचर बाईंची. उंची जेमतेम चार फूट दहा इंच. शीड धरायची आडवी दांडी असते ना, बूम, ती प्रत्येकजण आपल्या खांद्याच्या उंचीला आवळतो. बाईंनी पाच वर्षं एकाच जागी आवळली. त्या पकडीचा वण पडला होता, बांगडीसारखा गोल. दादांनी विचारलं, काका, ही चीर तर नाही? मी म्हटलं, नख फिरवा, अडकतं का बघा. अडकलं नाही."

"किती उंचीवर होता तो वण?"

काकांनी गल्ल्यामागून एक तेलकट टिपणवही काढली. आलेल्या प्रत्येक वस्तूची खोड त्यात लिहिलेली होती, एखाद्या डॉक्टरने लिहावी तशी. त्यांनी बोटाने ओळ शोधली. "खालच्या टोकापासून एकशे बारा सेंटिमीटर. दुसरा डाग नाही, चीर नाही. हे बघा."

बारकीने त्यांना गाडीपाशी नेलं आणि चादर उघडली. खालच्या तुकड्याच्या टोकाला तिने मोजपट्टी लावली. एकशे बारापाशी काठी काळीभोर, गुळगुळीत होती, वण नव्हता. काकांनी तिथे नख फिरवलं, अंगठा घासला, चष्मा कपाळावर चढवून नाक टेकवलं. मग ते गाडीला धरून उभे राहिले.

"ताई," ते हळू म्हणाले, "हा तुकडा मी विकलेला नाही."

४

मग तो कुणाचा, हे तुकड्यालाच विचारायला हवं होतं. बारकीने गाडीतच बसून मांडीवर कागद घेतला. मोडके भाग जुळवून धरले तर तुकड्यावर दोन वण होते. एक एकशे पंचेचाळीसवर, अगदी पुसट. तो दादाचा, कारण त्याची बूम सापडली तेव्हा तिथेच आवळलेली होती. दादा उंच होता. दुसरा एकशे एकतीसवर, चांगला घासलेला. आणि काठी मोडली होती ती नेमकी त्या एकशे एकतीसच्या वणावर, दादाच्या पकडीच्या चौदा सेंटिमीटर खाली. मोडलेल्या कडेचा अर्धा भाग ताजा काळा होता. उरलेला अर्धा मळकट पांढरा होता, आणि त्या पांढऱ्यात बारीक वाळू बसलेली होती. म्हणजे चीर आधीपासून होती आणि कुणीतरी मध्यम उंचीच्या माणसाने ही काठी बरेच दिवस वापरली होती.

नव्या सामानाच्या शोरूममध्ये थंडगार हवा होती आणि काचेवर नवीन पाटी लागली होती: 'जिवाशी खेळू नका, नवीनच घ्या.' शाई नीट वाळलीसुद्धा नव्हती. मालक उंचापुरा, गुळगुळीत दाढी केलेला, कमरेला पट्टा बांधून ताठ बसलेला माणूस होता.

"फार वाईट झालं, मॅडम," तो म्हणाला. "पण मी त्यांना बजावलं होतं."

"पाटी कधी लावलीत?"

तो जरा चाचरला. "धंदा आहे, मॅडम."

बारकीला या माणसाचा राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. तिने सरळ विचारलं, "मला डोलकाठी घ्यायची असेल तर काय बघावं?"

विकायचं म्हटल्यावर त्याची गाडी सुरू झाली. "आधी शीड बघायचं. त्याच्यावरच छापलेलं असतं, किती लांब काठी, किती कडक, आणि वाकताना ती मधून वाकणारी की शेंड्यातून. प्रत्येक मेकची वाकण्याची तऱ्हा वेगळी. भलतीच घातलीत तर शिडाला सुरकुत्या पडतात आणि माणसाचा दम निघतो. मग कार्बन किती ते. कार्बन जास्त तेवढी हलकी, पण आपटलीत तर तेवढीच नाजूक."

"आणि फक्त खालचा तुकडा हवा असेल तर?"

"मिळत नाही. आम्ही जोडीच विकतो. एक तुकडा गेला की पूर्ण काठी घ्यायची."

"ही अशी काठी वर्षभरात किती विकलीत?" तिने मोबाइलवर फोटो दाखवला.

"तीन मागवल्या. एक ही माझीच, गिऱ्हाइकांना वापरून बघायला देतो." त्याने भिंतीकडे बोट केलं. बारकी उठून त्या काठीपाशी गेली. तिच्या खालच्या तुकड्यावर दहा-बारा वण होते, खाली-वर, हातभर पट्ट्यात. दहा लोकांनी दहा उंचींना बूम आवळली होती. तिच्या गाडीवरच्या तुकड्यावर दादाआधी एकाच माणसाचा वण होता.

"दुसरी?"

"ती परदेशी गेली, माणसासकट."

"खालच्या तुकड्याला चीर पडली म्हणून कुणी बदलून मागायला आलं होतं?"

मालकाने पेन उघडलं, बंद केलं. "येतात. गेल्याच महिन्यात एकजण आला होता. पांढरी रेघ होती, पकडीच्या जागी. म्हणे आपोआप आली. मी म्हटलं, आपोआप फक्त केस पांढरे होतात. मग कबूल झाला, गाडीच्या टपावरून उतरवताना दगडी पायरीवर पडली म्हणून. पडलेली बदलून मिळत नाही."

"ती घेऊन पाण्यात जाऊ नका, हे सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं. म्हटलं, आज मोडेल की महिन्याने, एवढाच प्रश्न आहे."

"कोण होता?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही, मॅडम."

"मग तिसरी काठी कुणाला विकलीत ते सांगा."

 मालकाची नजर काचेवरच्या पाटीकडे गेली. इथून ती उलटी दिसत होती.

"तुमच्या दादांबरोबरच आले होते ते," तो म्हणाला. "सगळे त्यांना भिडू म्हणतात."

५

भिडू हे दादानेच ठेवलेलं नाव. कॉलेजपासूनचा मित्र. बारकीला सायकल शिकवताना एका बाजूने दादा धरायचा आणि दुसऱ्या बाजूने भिडूदादा. तिच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत वाढायला उभा राहिलेला, आणि ते लग्न मोडलं तेव्हा न विचारता तिचं सामान उचलून आणणारा. त्या दिवशी पाण्यावर दादाचं शीड पडताना आधी त्यानेच पाहिलं होतं. शोधायला निघालेल्या बोटीत तोच पुढे बसला होता, अंधार पडेपर्यंत हाका मारत.

हे सगळं आठवत ती क्लबच्या घोडीपाशी गेली. भिडूचा रंग लाल. लाल पट्टीचे दोन तुकडे मधल्या फळीवर शेजारी शेजारी पडले होते.

"हे साहेब आलेच नाहीत त्या दिवसापासून," रखवालदार म्हणाला. "पाण्याकडे बघवत नाही म्हणाले."

बारकीने लाल पट्टीचा खालचा तुकडा उचलून उजेडात आणला आणि मोजपट्टी लावली. नव्वद. शंभर. एकशे दहा. एकशे बारावर एक गोल वण होता, बांगडीसारखा. तिने त्यावरून नख फिरवलं. अडकलं नाही.

तिने पर्समधून नाणं काढलं आणि तळापासून वाजवत वर गेली. आवाज सगळीकडे सारखा येत होता, खणखणीत. रखवालदार तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. तिने फोटो काढले, तुकडा होता तसा परत ठेवला, आणि ज्याने 'जुनी काठी, वाऱ्यात मोडली' असं लिहिलं होतं त्या पोलीस अधिकाऱ्याला फोन लावला. बोलताना तिचा आवाज अगदी सपाट होता. पलीकडच्या माणसाने दोनदा विचारलं, की मयत तुमचे नक्की कोण.

६

दुपारी चारला भिडू दादाच्या इमारतीखाली आला. हातात डबा होता, दाढी वाढली होती. बारकी गाडीपाशी उभी होती. चादर उघडलेली होती.

"वर नाही गेलीस?" त्याने विचारलं. तुकड्यांकडे त्याने बघितलं नाही.

"जाते. भिडूदादा, जरा इथे ये. सरळ उभा राहा."

"कशाला?"

"राहा ना."

तो उभा राहिला, लहान मुलाची उंची मोजतात तसा, डबा छातीशी धरून. बारकीने मोडलेल्या खालच्या तुकड्याचं बूड जमिनीला लावलं आणि तुकडा त्याच्या शेजारी उभा धरला. मोडलेली कड, जिच्याभोवती तो घासलेला वण होता, त्याच्या खांद्याला लागली.

"दादाच्या खांद्याला ही चौदा सेंटिमीटर कमी पडते," ती म्हणाली. "टीचर बाईंच्या खांद्यापेक्षा वर जाते. शोरूममधल्या काठीवर दहा वण आहेत, हिच्यावर एकच. आणि तुझ्या लाल पट्टीच्या तुकड्यावर टीचर बाईंचा वण आहे. मी आत्ताच बघून आले. पिवळी पट्टी तू लावलीस. टोक दुमडायचं राहिलं."

भिडूने डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवला. तो नीट बसला नाही म्हणून सरकवून परत ठेवला.

"मला ती चीर वाटली नव्हती," तो म्हणाला. "ओरखडा वाटला होता."

"शोरूमवाल्याने दोनदा सांगितलं होतं तुला."

"तो विकणारा माणूस. त्याला काय, तो सांगणारच." त्याने तोंडावरून हात फिरवला. "बारके, ऐक. माझं शीड मोठं. तुझ्या दादाचं लहान. त्याच्या काठीवर जोर कमी येतो. मला वाटलं, माझ्याकडे नाही टिकली तरी त्याच्याकडे टिकेल. फक्त महिनाभर. मग मी नवी घेऊन त्याची त्याला परत करणार होतो. शपथ."

"त्याला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? चार महिने मी त्याला चिडवत होतो, नवी ती नवी, जुन्याच्या नादी लागू नकोस म्हणून. आणि माझी नवी काठी मीच पायरीवर पाडली. तो हसला असता. वर्षभर हसला असता."

बारकीला वाटलं, आता तरी राग येईल. ती थोडा वेळ थांबून राहिली, पण आत काहीच हललं नाही. दादा खरंच वर्षभर हसला असता, आणि मग आपली काठी स्वतःहून त्याला वापरायला दिली असती, एवढंच तिच्या मनात आलं.

"आणि मोडली असती तर?" तिने विचारलं. "हा विचार केलाच असशील ना."

भिडू खाली बघत होता. त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला पुढे वाकावं लागलं.

"जुनी मोडली तर कुणी काही विचारत नाही."

रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली. 

"कुणी विचारलं नाही, हे खरं," बारकी म्हणाली. "म्हणून ते वहिनीच्या डोक्यावर बसलं. तू रोज येऊन तिला सांगत होतास, मी त्याला नवी घे म्हणत होतो."

"मी तिला दोष दिला नाही कधी."

"ती चार वाक्यंसुद्धा धड बोलत नाही दिवसात. त्यातलं प्रत्येक वाक्य त्या कागदाबद्दल असतं. तुला ऐकू येत होतं. तू डबा ठेवून जात होतास."

भिडूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने रडू दाबलंही नाही. बारकीला त्याचा हेवा वाटला, आणि हे वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली.

"पोलिसांचा माणूस येतोय," ती म्हणाली. "तू इथेच थांब आणि जे मला सांगितलंस ते त्याला सांग. डबा परत ने, भिडू."

इतक्या वर्षांत त्याला 'दादा' न जोडता तिने पहिल्यांदा हाक मारली होती. ते त्याच्या लक्षात आलं. तो इमारतीच्या पायरीवर बसला आणि उठला नाही.

७

संध्याकाळच्या आत पोलीस अधिकारी भिडूला घेऊन गेला. लाल पट्टीचा तुकडा त्यानेच क्लबातून आणवला होता. सगळे तुकडे नीट बांधून सीलबंद करायचे होते, म्हणून एका शिपायाने ते चौथ्या मजल्यावर आणून दिवाणखान्यात जमिनीवर ठेवले. बारकीने बांधाबांधीला अर्धा तास मागून घेतला होता.

वहिनी दारात उभी राहिली. "वर आणू नकोस म्हटलं होतं मी."

"बस जरा, वहिनी."

बारकीने सगळं सांगितलं. सजवून सांगायची तिची पद्धत नव्हती. विमा कंपनीला सांगते तसंच सांगितलं, एकामागून एक. पट्टीचं टोक. एकशे बारा. एकशे एकतीस. पायरीवर पडलेली काठी. घोडीवर बदललेला तुकडा आणि हलवलेली पट्टी.  भिडूचं नाव आलं तेव्हा वहिनीने फक्त डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडले नाहीत.

"मोडली ती कोणती?" तिने शेवटी विचारलं.

"नवी."

"आणि आपण घेतली होती ती?"

"ही." बारकीने लाल पट्टीचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "धड आहे. मी वाजवून बघितली. काकाही रेलले होते तिच्यावर, दादाही रेलला होता. हीच असती तर तो परत आला असता."

वहिनीने हात पुढे केला. टीचर बाईंच्या वणावरून तिने बोट फिरवलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. बारकीला वाटलं, कागद फाडल्याचा आवाज येईल. तसा काही आवाज आला नाही. वहिनी परत आली तेव्हा तिच्या हातात पिवळ्या पट्टीचं रीळ होतं.

"चादर धर," ती म्हणाली.

दोघींनी मिळून तुकडे गुंडाळले. शाबूत वेगळा, मोडके वेगळे. वहिनीने रिळाचा दुमडलेला कोपरा उघडला, पट्टी ओढली, तीन ठिकाणी घट्ट फिरवली आणि दातांनी तोडली. पट्टी सरळ बसली. बारकीने गठ्ठ्यावर तारीख लिहिली. खाली शिपाई वाट बघत होता.

वहिनीने रीळ उलटंसुलटं करून टोक शोधलं. अंगठ्याने त्याचा कोपरा आत वळवला, छोटा त्रिकोण केला आणि नखाने दाबून बसवला.

"नाहीतर पुढच्या वेळी टोक सापडत नाही," ती म्हणाली.

बारकीने चष्मा काढला. दहाव्या दिवशी, दादाच्या दिवाणखान्यात, जमिनीवर बसल्या जागी तिला पहिल्यांदा रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.